कर्ज न फिटलेली गाडी आणि मधला माणूस: जुन्या कारच्या एका व्यवहाराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणचं, 2024 मधलं. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. रकमा थोड्या बदलल्या असल्या, तरी कोणाकडून कोणाकडे किती गेले याचा हिशेब जुळतो.

खरेदीदार बाई एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहेत. रात्रपाळी संपवून घरी परतायची धड सोय नसल्यामुळे त्यांना एक लहान पेट्रोल कार हवी होती. दिराच्या ओळखीतून एका दलालाचं नाव आलं. शोरूम वगैरे नव्हतं. रस्त्यालगत एका मोकळ्या प्लॉटवर आठ-दहा गाड्या, एक टेबल आणि चाव्यांचा जुडगा सांभाळणारी दोन पोरं, एवढाच कारभार. माणूस बोलायला मोकळा होता आणि दिराच्या दोन मित्रांना त्याने गाड्या दिल्या होत्या. त्या दोन्ही व्यवहारांत काही अडलं नव्हतं, ही गोष्ट पुढे फार महाग पडली.

पसंत पडलेली गाडी सहा वर्षांची होती, फर्स्ट ओनर, मीटरवर 58 हजार किलोमीटर. "पार्टी घरातलीच आहे, ताई. कालच गाडी आणून लावली," असं दलालाने सांगितलं. भाव ठरला 4,65,000 रुपये, टीटी म्हणजे नावावर करून देण्याच्या खर्चासह. शिवाय दलाली 5,000, नाव चढल्यावर द्यायची.

गाडी तपासली, कागद राहिले

बाईंनी ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला, आणि त्याने काम चोख केलं. बॉनेट उघडून त्याने आधी फेंडरचे बोल्ट पाहिले. डाव्या बाजूच्या दोन बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडलेला होता, म्हणजे फेंडर कधीतरी उतरला होता. मग दाराचं रबर ओढून आतल्या स्पॉट वेल्डच्या खुणा पाहिल्या. त्या जागच्या जागी, एकसारख्या होत्या. निष्कर्ष असा, की बाजूने ठोकर बसली होती पण सांगाड्याला धक्का नव्हता. टायरच्या कडेला कोरलेले चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. त्यावरून चारही टायर गाडीइतकेच जुने निघाले. मीटरवरच्या 58 हजारांशी ते विसंगत नव्हतं. शेवटचं सर्व्हिस बिलही त्याच्याशी जुळलं. टायर बदलावे लागतील म्हणून भावातून आणखी सात हजार कमी करून घ्या, असं मेकॅनिक म्हणाला. दलाल काही ऐकला नाही.

एवढं सगळं नीट झाल्याने सगळ्यांना हायसं वाटलं. अशा व्यवहारांत हे नेहमी घडतं. यंत्राची तपासणी पार पडली की व्यवहाराचीही झाली, असं मन धरून चालतं.

कागदांची चौकशी झालीच नाही असं मात्र नाही. दिराने एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला. मालकाचं नाव, विमा, पीयूसी सगळं दिसलं आणि त्याखाली कर्ज देणाऱ्या बँकेचं नावही दिसलं. दलालाकडे उत्तर तयार होतं: "लोन क्लिअरच आहे. पोर्टलवर एचपी निघायला वेळ लागतो." एचपी म्हणजे गाडीच्या नोंदणीवर असलेली कर्ज देणाऱ्या बँकेची नोंद. उत्तर खोटं होतं, पण अशक्य कोटीतलं नव्हतं. कर्ज फिटलं तरी बँकेचं नाव आपोआप उतरत नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि ही नोंद उतरवण्याचा फॉर्म 35 घेऊन आरटीओत अर्ज करावा लागतो, आणि पुष्कळ लोक ते वर्षानुवर्षं करत नाहीत. म्हणून ॲपवर बँकेचं नाव दिसलं यावरून कर्ज बाकी आहे असंही सिद्ध होत नाही आणि फिटलं असंही नाही. ते ठरवणारा कागद एकच: मूळ मालकाच्या कर्जखात्याचा उतारा किंवा बँकेचं ना हरकत पत्र. तो मागायचा, तर मूळ मालकाशी बोलायला हवं होतं. मालकाचा नंबर मात्र दलालाने दिला नव्हता आणि कोणी हट्टही धरला नाही.

मे अखेरीस 20,000 टोकन दिलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात 3,10,000 देऊन गाडी ताब्यात घेतली. उरलेले 1,35,000 नाव चढल्यावर द्यायचे ठरले. इथे बाईंनी एक निर्णय अचूक घेतला. दलाल म्हणत होता, रोख दिले तर दहा हजार कमी करतो. त्यांनी नकार दिला आणि सगळी रक्कम बँकेतून पाठवली. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पगारदार माणसाला एवढी रोख मोजून देणं विचित्र वाटतं, एवढंच कारण. पण त्या नोंदीमुळेच पुढे प्रत्येक रुपया दाखवता आला.

पैसे गेले ते दलालाच्या स्वतःच्या खात्यात. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे. पैसे मालकाच्या खात्यात जात असतील तर मधला माणूस दलाल. ते त्याच्या स्वतःच्या खात्यात जात असतील तर तो विकणारा, फक्त कागदावर त्याचं नाव नाही.

अडचण

तीन आठवड्यांत नाव चढेल असं ठरलं होतं. जून संपला. कधी आरटीओचा सर्व्हर डाऊन, कधी बँकेचे साहेब रजेवर. दरम्यान रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये मागे घेताना गाडी खांबाला घासली. बंपर आणि मागचा दिवा मिळून 18,400 रुपयांचं बिल झालं. विमा सर्वसमावेशक होता, पाच महिने शिल्लक होते. दावा नाकारला गेला, कारण पॉलिसी मूळ मालकाच्या नावावर होती आणि गाडी त्याने विकलेली होती.

इथे अनेकांचा घोटाळा होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे गाडीची मालकी बदलली की तिसऱ्या पक्षाचा विमा नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं आणि त्याने 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. हे संरक्षण रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी आहे. आपल्या गाडीच्या नुकसानीची बाजू आपोआप बदलत नाही. त्यासाठी विक्रीचा पुरावा देऊन पॉलिसी रीतसर आपल्या नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलतही गाडीबरोबर येत नाही, ती माणसाची असते. त्यामुळे नावबदल करताना फरकाची रक्कम भरावी लागते.

दावा फेटाळल्यावर बाईंनी स्वतः कागद काढायला सुरुवात केली. ई-चलानच्या पोर्टलवर गाडीवर दोन दंड दिसले. एक द्रुतगती मार्गावरचा, अतिवेगाचा, 2 मे या तारखेचा. आता, दलालाने मे अखेरीस सांगितलं होतं की गाडी कालच लागली. चलानबरोबरचा फोटो मोठा करून पाहिल्यावर मागच्या काचेवर त्याच प्लॉटचा फोन नंबर छापलेला स्टिकर दिसला. म्हणजे गाडी निदान महिनाभर आधीपासून त्याच्या ताब्यात होती आणि पोरं ती फिरवत होती.

मूळ मालकाचा पत्ता आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, प्रतीवर होता. बाई आणि दीर थेट त्याच्या घरी गेले. तिथे दुसरी बाजू कळली. मालकाने 10 एप्रिलला गाडी दलालाला 4,20,000 ला दिली होती. त्या दिवशी कर्जाची बाकी 1,38,000 होती. ती दलालाने बँकेत भरायची आणि उरलेले 2,82,000 मालकाला द्यायचे असं ठरलं. प्रत्यक्षात दोन लाख दिले, 82,000 राहिले आणि बँकेत एक रुपयाही भरला नाही. 6,800 चा हप्ता मालकाच्याच खात्यातून जात होता, जुलैपर्यंत तीन वेळा गेला. बदल्यात मालकाने काय दिलं होतं? गाडी, मूळ आरसी, आणि नावबदलाच्या फॉर्म 29 व 30 वर कोऱ्या सह्या, ज्याला बाजारात ओपन सेट म्हणतात. खरेदीदाराचं नाव रिकामं, तारीख रिकामी.

हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होतं. दलालाला बाईंकडून 3,30,000 आले होते, मालकाला त्याने दोन लाख दिले होते. मधले 1,30,000 त्याने दुसरी गाडी उचलायला वापरले होते. पहिल्यापासून फसवायचा बेत होता असं मला वाटत नाही. एका गाडीचे पैसे दुसरीत फिरवत राहायचं, आणि सगळ्या गाड्या वेळेत विकल्या गेल्या तर कोणाला काही कळत नाही, अशी ही पद्धत. दिराच्या दोन मित्रांच्या वेळी सगळ्या वेळेत विकल्या गेल्या असणार. शिवाय 45,000 चा फरक त्याने भावातच ठेवला होता आणि वर बाईंकडून दलाली वेगळी मागितली होती. करार कायद्याप्रमाणे मध्यस्थाने आपल्या माणसाला न सांगता स्वतःच्या फायद्यासाठी व्यवहार केला, तर तो फायदा त्या माणसाला मागता येतो. पण बाईंकडे तो त्यांचा मध्यस्थ असल्याचा लेखी कागदच नव्हता, साधी पावतीही नाही.

समोरचे पर्याय

दलालाने स्वतःहून सुचवलेला पर्याय सर्वांत वाईट होता: "ताई, अजून पन्नास टाका, आजच बँकेत भरतो." थांबलेला व्यवहार आणखी पैसे देऊन पुढे ढकलायचा, तेही त्याच खात्यात.

व्यवहार मोडून गाडी परत करणं दिराला पटत होतं. पण दलालाकडे परत द्यायला पैसे नव्हते. गाडी परत गेली असती तर बाईंच्या हातात होती ती एकमेव वस्तूही गेली असती.

पोलिसांत तक्रार करणं रास्त होतं, आणि त्यांनी अर्ज लिहूनही ठेवला. दोन गोष्टींनी हात थांबला. अशा तक्रारीला दिवाणी वाद म्हणून बाजूला सारण्याकडे कल असतो. आणि गुन्हा नोंदला गेला तर गाडी मुद्देमाल म्हणून जप्त होऊ शकते. मग ती न्यायालयातून सोडवून घ्यायची, आणि तीही नोंदणीकृत मालकाने. ग्राहक आयोगाचा रस्ता होता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतल्या त्रुटीसाठी दलालाला तिथे ओढता आलं असतं. त्यातून भरपाई मिळाली असती, पण नाव चढलं नसतं.

उरला चौथा मार्ग: दलालाला बाजूला ठेवून मालकाशी थेट बोलायचं आणि हातात असलेले 1,35,000 सरळ त्याच्या कर्जखात्यात भरायचे. यातही धोका होता. कर्ज फिटलं की मालकाच्या नावावर एक बोजा नसलेली गाडी उरते, आणि त्याने सही करायला नकार दिला तर? शिवाय मालकाचं म्हणणं होतं, "मॅडम, आधी माझे ब्याऐंशी हजार. मगच सही."

दोघंही एकाच माणसाचे घेणेकरी असताना एकमेकांवरच संशय घेत होते.

काय केलं

मालकाचं मन बदललं ते पोलिसांच्या नावाने नाही, दुसऱ्याच गोष्टीने. त्याला वाटत होतं की गाडी विकली, आता तिचं काही का होईना. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी किती का हातांतून जाईना, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. हे सांगून बाईंनी त्याच्यासमोर 2 मे चं चलान ठेवलं. गाडी त्याने कधीच देऊन टाकली होती आणि दंड त्याच्या नावावर होता. विक्रेत्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तेही त्याने केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला.

पुढचं सगळं क्रमावर अवलंबून होतं, म्हणून क्रम आधी कागदावर लिहून काढला. शंभर दोनशेची घासाघीस सोडून बाईंनी एकच आग्रह धरला: आधी सह्या, मग पैसे, आणि दोन्ही एकाच दिवशी बँकेत.

जुलैच्या मध्यात मालक, बाई, दीर आणि दलाल बँकेत भेटले. दलाल आला, कारण न आल्यास तयार अर्ज पोलिसांत जाणार हे त्याला सांगितलं होतं. बँकेने त्या दिवशीची कर्ज बंद करण्याची रक्कम शुल्कासह 1,28,600 अशी लेखी दिली. जुना ओपन सेट दलालाकडून परत घेऊन सर्वांसमोर फाडला. नवे फॉर्म 29 आणि 30 बाईंचं नाव, पत्ता आणि तारीख घालून भरले आणि मालकाने सह्या केल्या. ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 बाईंच्या हाती द्यावं असं अधिकारपत्र मालकाने बँकेला दिलं. एक तिघांचा करारही झाला. त्यात दलालाला मिळालेली रक्कम, त्याने मालकाला द्यायची रक्कम आणि बाईंकडून कर्जखात्यात जाणारी रक्कम वेगवेगळी लिहिली. दलालाने मालकाला 50,000 तिथेच पाठवले आणि उरलेल्या 32,000 चा पुढच्या तारखेचा धनादेश दिला. मग बाईंनी काउंटरवर कर्जखात्याचा क्रमांक घालून पैसे भरले आणि पावती घेतली.

तिन्ही हप्त्यांचे 20,400 कोणी सोसायचे यावर अर्धा तास वाजलं. दलाल निम्मे द्यायला तयार झाला. मालकाने फार ताणलं नाही.

एक अनपेक्षित खोळंबा नंतर आला. नावबदलाच्या ऑनलाइन अर्जात मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि नोंदीतला नंबर त्याने कधीच बंद केलेला होता. आधी तो बदलून घ्यावा लागला. मग एचपी उतरवणं आणि नावबदल असे दोन्ही अर्ज एकत्र भरले. चलानं दलालाने भरली.

निष्पत्ती

सप्टेंबरमध्ये आरसी बाईंच्या नावावर आली, बँकेच्या नावाशिवाय. त्याच आठवड्यात त्यांनी विमाही स्वतःच्या नावावर करून घेतला. 18,400 चं बिल गेलं ते गेलंच. बाईंकडे ठरलेल्या रकमेतले 6,400 उरले. दलालाने ते आणि वरची दलाली एकदा मागून पाहिली. त्यांनी दुरुस्तीचं बिल पाठवलं, मग पुन्हा मागणी आली नाही. मालकाचा 32,000 चा धनादेश पहिल्यांदा परत आला, दुसऱ्यांदा वटला. पोलिसांचा अर्ज द्यावा लागला नाही.

दलाल त्याच प्लॉटवर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जुन्या गाडीच्या बाबतीत दलाल टाळा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. गाडी शोधणं, भाव करणं, आरटीओच्या खेपा घालणं ही खरी कामं आहेत आणि त्यांचे पैसे देण्यात काही गैर नाही. इथे चूक दलाल गाठण्यात नव्हती. गाडी, पैसे आणि नाव या तीन गोष्टी एकाच माणसाच्या हातून, आणि तीन वेगळ्या वेळी गेल्या, ही चूक होती.

पहिला निर्णयाचा क्षण ॲपवर बँकेचं नाव दिसलं तेव्हाचा. तिथे एका वाक्यात काम झालं असतं: मालकाशी बोलणं आणि कर्जखात्याचा उतारा पाहणं झाल्याशिवाय टोकन नाही. दलाल मालकाचा नंबर देत नाही, याला त्याच्याकडे धंद्याचं कारण असतं. खरेदीदार आणि विक्रेता परस्पर जुळतील आणि आपली दलाली बुडेल अशी भीती. मग दलालीचा कागद आधी करून द्यावा. तो दिल्यावरही नंबर मिळाला नाही, तर अडचण दलालीची नाही हे कळतं.

दुसरा क्षण 3,10,000 पाठवण्याचा. त्यातले कर्जाचे पैसे थेट कर्जखात्यात, मालकाचे मालकाच्या खात्यात आणि दलाली दलालाच्या, असे तीन वेगळे व्यवहार केले असते तर फिरवायला पैसेच उरले नसते. दलालाने याला विरोध केला असता, कारण 45,000 चा फरक उघडा पडला असता. माझ्या मते तो विरोध हीच सर्वांत उपयोगी माहिती ठरली असती.

मालकाच्या बाजूनेही एक रस्ता होता. 1 एप्रिल 2023 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांची तरतूद आहे. असा विक्रेता आरटीओची परवानगी घेतलेला असतो. गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म 29सी मध्ये नोंद होते आणि तिथून जबाबदारी त्याच्यावर येते. 2 मे चं चलान मग त्याच्या नावावर गेलं असतं. हा दलाल तसा अधिकृत नव्हता आणि मालकाने विचारलंही नव्हतं. नातेवाईक असो वा दलाल, नाव आणि तारीख न घातलेल्या फॉर्मवर सही करून देऊ नये, कारण तो फॉर्म कोणाच्या खिशातून कोणाकडे जाईल हे सही करणाऱ्याच्या हातात राहत नाही.

विम्याचं काम तर नाव चढण्याची वाट पाहतच राहिलं. ते गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीच सुरू व्हायला हवं होतं. मालक ओळखीचा असता तर त्याच्या सहीचं विक्रीपत्र मिळालं असतं, आणि ते जोडून कंपनीकडे अर्ज गेला असता. बँकेचं नाव आरसीवर असल्याने कंपनीने कदाचित आणखी कागद मागितले असते. मग कर्ज बाकी आहे हे जुलैऐवजी जूनच्या पहिल्या आठवड्यातच बाहेर आलं असतं, 3,10,000 नुकतेच पोचलेले असताना आणि दुसऱ्या गाडीत गुंतण्यापूर्वी.